कपड्यात शिवलेला आरएफआयडी टॅग : ज्येष्ठ निवासाच्या फाटकासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

आधी काम सांगतो. कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ निवासात स्मृतिभ्रंश झालेले काही आजी-आजोबा राहतात. दुपारी मावशींची पाळी बदलते, त्या गडबडीत कुणीतरी चपला घालून फाटकाबाहेर जातं आणि मग कर्वे रस्त्यापर्यंत शोधाशोध होते. दाराला कुलूप घालायचं नाही, असा निवासाचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. तर यांच्यापैकी कुणी फाटक ओलांडलं की आत घंटा वाजावी. अंगावर बॅटरी नको, मनगटात पट्टा नको (आठवडाभरात दात लावून काढतात, असं सिस्टर म्हणाल्या), गळ्यात कार्ड नको. म्हणून बॅटरी नसलेला यूएचएफ आरएफआयडी टॅग (छोटी चिप आणि तिचा अँटेना; रीडरने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच शक्ती घेऊन तो आपला क्रमांक परत पाठवतो) थेट कपड्यातच शिवायचं ठरलं. हे काम करणारे आम्ही तिघं : मी, सुईदोऱ्याचं सगळं बघणारी माझी बहीण, आणि आमचे टेलरकाका. दुसरीकडे कुणाला असंच करायचं असेल तर त्यांचे पैसे आणि दिवस वाचावेत, म्हणून तपशील लिहून ठेवतो आहे.

८ जून

सामान जमवलं. यूएसबी रीडर मॉड्यूल साडेसहा हजारांना, नऊ डीबीआयचा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा पॅनेल अँटेना अडीच हजारांना (डीबीआय म्हणजे अँटेना लहरी एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप; वर्तुळाकार अशासाठी की टॅग आडवा-तिरपा असला तरी चालतो), नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या वारंवारितेला जुळतो ते दाखवणारं छोटं यंत्र) साडेपाच हजारांना. केबल, कनेक्टर आणि तांब्याची चिकटपट्टी पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळाली. कनेक्टर घेताना दुकानातच घट्ट बसवून बघा. आरपी-एसएमए आणि एसएमए दिसायला सारखेच असतात आणि एकमेकांत फिरतातही, पण मधली पिन एकमेकींना भिडत नाही.

रीडर आला तो ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर लावलेला. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो तो पट्टा ८६५ ते ८६७, आणि आता ८६८ पर्यंत. म्हणजे खोकं उघडल्यावर पहिलं काम प्रदेशाचं सेटिंग बदलण्याचं. हा फक्त कायद्याचा मुद्दा नाही. टॅग ९१५ ला जुळवून बसलात आणि रीडर ८६६ वर आणलात, तर केलेली सगळी मापं कचऱ्यात जातात. स्वस्त नॅनोव्हीएनए ३०० मेगाहर्ट्झच्या पुढे हार्मोनिकवर (मूळ लहरीच्या पटीत येणाऱ्या क्षीण लहरींवर) मोजतो, त्यामुळे ८६६ ला आलेख जरा थरथरतो. ढोबळ जुळणीला तो चालतो, बारीक आकड्यांसाठी त्यावर भरवसा ठेवू नका.

खरं माप आम्ही दुसऱ्याच पद्धतीने घेतो. टॅग अँटेनापासून एक मीटरवर ठेवायचा आणि रीडरची शक्ती एकेक डीबीने उतरवत न्यायची (शक्ती डीबीएममध्ये मोजतात, आणि दर तीन डीबीला ती दुप्पट किंवा निम्मी होते). ज्या आकड्याला टॅग गप्प होतो, तो त्याचा उंबरठा. उंबरठा जितका खाली, तितका टॅग चांगला. चिपसकट, कापडासकट, माणसासकट मोजता येतं, म्हणून पुढची सगळी तुलना याच आकड्यावर केली आहे.

११ जून

बाजारातलं साधं चिकट लेबल (दहा रुपये नग) घेतलं. हवेत टांगलं तर उंबरठा ७ डीबीएम, पूर्ण शक्तीला सहा मीटरवरूनही वाचलं जातं. तेच सदऱ्याच्या आत, छातीला चिकटून लावलं, तर एक मीटरवर कितीही शक्ती दिली तरी गप्प. अँटेना छातीपासून वीतभर अंतरावर आणला तेव्हा कुठे एकदा वाचला गेला.

कारण ठाऊक असतं, पण आकडा समोर आला की ते खरं पटतं. ८६६ मेगाहर्ट्झला स्नायूची परमिटिव्हिटी (विजेच्या क्षेत्राला पदार्थ किती दाद देतो तो आकडा, हवेचा १) ५५ च्या आसपास असते आणि वहनक्षमता मीटरला जवळजवळ एक सीमेन्स. लेबलचा डायपोल (चिपच्या दोन्ही बाजूंना पसरलेले अँटेनाचे दोन हात) हवेसाठी कापलेला असतो. मांसावर ठेवला की तो ज्या वारंवारितेला जुळतो ती खूप खाली घसरते, आणि उरलीसुरली ऊर्जा मांसच पिऊन टाकतं. ज्या विक्रेत्याचं पत्रक ‘आठ मीटर’ सांगतं, त्याला एकच प्रश्न विचारा : माणसाच्या अंगावर किती?

१५ जून

दर वेळी माणूस उभा करणं जमत नाही. शिवाय कुणी श्वास घेतं, कुणी हलतं, आणि आकडे एक-दोन डीबी इकडेतिकडे जातात. म्हणून खोटं मांस बनवलं. मोबाइलच्या चाचण्यांमध्ये साधारण याच वारंवारितेला शरीराऐवजी वापरतात त्या द्रावणाचं प्रमाण घेतलं : वजनाने ५२ भाग पाणी, ४५ भाग साखर, दीड भागाला थोडं कमी मीठ. साखरेने परमिटिव्हिटी खाली येते, मिठाने वहनक्षमता वाढते. द्रावण घट्ट व्हावं म्हणून किराणा दुकानातला चायना ग्रास. आधी चायना ग्रास नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवून उकळायचा आणि साखर नंतर घालायची. साखर आधी घातली तर तो नीट विरघळत नाही, गाठी राहतात. डबा प्लास्टिकचाच हवा, स्टीलचा अजिबात नको.

पाच किलोचा गोळा दोनशे रुपयांत झाला. पहिला गोळा टेबलावर राहिला, तर रात्रीत मुंग्यांनी भरला आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशी आली. दुसऱ्यात लोणच्यात घालतात ते सोडियम बेन्झोएट चिमूटभर घातलं, वरून पातळ प्लास्टिक ताणून लावलं आणि काम झालं की तो फ्रिजमध्ये. मोजायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवायचा, कारण थंड गोळ्याचे गुणधर्म वेगळे येतात. माझ्या खांद्यावरचं माप आणि गोळ्यावरचं माप दोन डीबीच्या आत जुळलं. त्यापुढची सगळी तुलना गोळ्यावर आणि शेवटची खात्री माणसावर.

२२ जून

जरीचा प्रयोग. बहिणीची कल्पना होती आणि मलाही मनापासून आवडली : आपल्याकडे कापडात धातू विणायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, मग अँटेना जरीचाच का नको? रविवार पेठेतून तीन प्रकारची जर आणली आणि दुकानातच मल्टिमीटर लावून पाहिला.

प्लास्टिकची जर म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर चढवलेला धातूचा पातळ मुलामा. वीतभर लांबीत मीटर अनंत दाखवतो. ती तिथेच बाद झाली. तांब्याच्या तारेला चांदीचा मुलामा देऊन, चपटी करून धाग्याभोवती गुंडाळलेली जर मात्र वाहते. वरचं लाखेचं आवरण टोकाला खरवडलं की काही ओहमच दिसतात. तीच मशीनवर बॉबिनमध्ये भरून जवळजवळ रेघांनी डायपोल शिवला. हवेत उंबरठा १५, म्हणजे दहा रुपयांच्या लेबलपेक्षा आठ डीबी वाईट.

दोष दोन ठिकाणी आहे. चपटी तार धाग्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, आणि वेढ्यांमध्ये लाख असल्याने प्रवाहाला सरळ जाता येत नाही, तो गोल गोल फिरत जातो. वाट लांबते, रोध वाढतो. दुसरं, शेजारशेजारच्या रेघा एकमेकींना नीट टेकत नाहीत. लाख काढायला थिनर वापरला, तर तांबं उघडं पडलं आणि पावसाळी हवेत आठवड्यात काळपट झालं. मन मोडून जर सोडली. घरातल्या जुन्या पैठणीची खरी चांदीची जर कदाचित चाललीही असती, पण तिला कात्री लावायचा विचारही आम्ही केला नाही.

या प्रयोगातून एक गोष्ट हाती लागली, ती पुढे उपयोगी पडली : टॅगवर जरीचा काठ आडवा आला तर तो टॅग झाकतो.

३० जून

जरीऐवजी चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं कापड घेतलं. मीटरला अठराशे रुपये आणि कुरियर वेगळं. ८६६ मेगाहर्ट्झला तांब्या-चांदीत प्रवाह वरच्या दोन-सव्वादोन मायक्रॉनमध्येच वाहतो, त्यामुळे पातळ मुलाम्यावरही बऱ्यापैकी भागतं. दोन विरुद्ध कोपऱ्यांत मल्टिमीटर लावला तर एक ओहमच्या आत हवा. तसा नसेल तर ते कापड परत करा.

डायपोल याच कापडाचा करून अंगापासून फोमने दूर धरला. दहा मिलिमीटर फोमवर दीड-दोन मीटरवरून वाचन मिळू लागलं. हा नमुना घेऊन निवासात गेलो. सिस्टरनी तो हातात घेतला, दाबून पाहिला आणि सरळ नको म्हणाल्या. ही मंडळी दुपारी तासन्‌तास एका कुशीवर पडून असतात. पाठीच्या हाडाखाली सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा आला तर त्या जागी जखम होणार, आणि या वयात शय्याव्रण भरून यायला महिने लागतात. जाडी चार मिलिमीटरच्या आत हवी, कडा मऊ हव्यात आणि जागा हाडावर नको. त्यांच्या या तीन अटींनी पुढची रचना ठरवली. माझा सल्ला असा की, नर्सिंगच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात नमुना दाखवा. आमचे फोमवर गेलेले दिवस तसे वाचले असते.

६ जुलै

जागा ठरली : उजव्या खांद्याचा वरचा उतार, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधला मऊ भाग. तिथे हाड टोचत नाही, माणूस त्यावर झोपत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती जागा वर आकाशाकडे बघते. छातीवर टॅग लावला तर मागून वाचता येत नाही, पाठीवर लावला तर पुढून, कारण मधे सगळं शरीर असतं. खांद्यावरचा टॅग फाटकावर टांगलेल्या अँटेनाला नेहमीच समोर दिसतो. उजवा खांदा अशासाठी की पदर डाव्या खांद्यावर असतो, आणि काठपदराला जर असते. गुजराती पद्धतीने पदर घेणाऱ्या एक आजी आहेत, त्यांचा टॅग तेवढा डावीकडे.

डायपोल सोडून पॅचकडे, म्हणजे सपाट तुकड्याच्या अँटेनाकडे वळलो. पॅचला खाली वाहक कापडाचाच दुसरा थर असतो, त्याला जमीन (ग्राउंड) म्हणतात. तो अंगाकडे राहतो आणि शरीराला अँटेनापासून बऱ्याच अंशी तोडतो. अर्ध्या तरंगलांबीचा पॅच खांद्यावर मावत नाही (हवेत ८६६ ला पूर्ण तरंग ३४.६ सेंटिमीटरचा), म्हणून पाव तरंगाचा, एका कडेला जमिनीशी जोडलेला. ही जोडणी वेगळी करायचीच नाही : कापडाची एकच पट्टी घ्यायची, फोमच्या एका कडेवरून दुमडायची, खालचा भाग जमीन आणि वरचा भाग पॅच. ना शिवण, ना सोल्डरचा डाग.

मापं : जमीन ८५ बाय ५० मिलिमीटर, वरचा पॅच सुरुवातीला ७५ बाय ४०, मधे ३ मिलिमीटर फोम. ७५ ला वारंवारिता खाली येते. मोकळ्या कडेने कात्रीने एकेक मिलिमीटर कापत गेलो तेव्हा ६८ ला ती ८६६ वर बसली. फोम बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून माझा ६८ जसाच्या तसा घेऊ नका. मोठाच कापा आणि छाटत या. लांबीची दिशा मानेकडून दंडाकडे ठेवा. खांद्याचा खरा बाक पुढून मागे असतो, आणि तो रुंदीच्या दिशेने गेला तर वारंवारिता फारशी हलत नाही.

गोळ्यावर उंबरठा १५, माझ्या खांद्यावर १४. अंगावर ठेवलेला टॅग एक मीटरवरून इतक्या कमी शक्तीत बोलला, तेव्हा आम्ही तिघंही खूश झालो.

१३ जुलै

आता चिप पक्की बसवणं. सुटी चिप कापडाला जोडायचे प्रकार करून झाले. सोल्डरिंगने नायलॉन जळतं. वाहक गोंद बसतो, पण कापड दोनदा मुडपलं की तडकतो. वाहक धाग्याने टाके घातले तर पहिल्या धुण्यानंतर वाचन येतं-जातं होतं.

अखेर लागू पडलेला उपाय सगळ्यात स्वस्त निघाला. त्याच दहा रुपयांच्या लेबलात मधोमध चिपभोवती ॲल्युमिनियमची छोटी चौकट असते. दोन्हीकडचे लांब हात कापून टाकायचे आणि फक्त ती चौकट, म्हणजे लूप, ठेवायची. पॅचमध्ये जोडलेल्या कडेजवळ, जिथे प्रवाह जास्त असतो, एक चीर पाडायची आणि लूप तिच्यावर ठेवायचा. लूप आणि पॅच यांच्यात विजेचा सांधा नाहीच. चुंबकीय क्षेत्रानेच ऊर्जा जाते, त्यामुळे तुटायला काही नाही. लाँड्रीसाठी मिळणाऱ्या टिकाऊ टॅगांतही हीच युक्ती असते : चिपचा कडक छोटा भाग वेगळा आणि धातूचा धागा वेगळा.

लूप एकेक मिलिमीटर सरकवत उंबरठा बघायचा. आमच्याकडे चीर १८ मिलिमीटर लांब, जोडलेल्या कडेपासून १२ मिलिमीटरवर. जागा सापडली की लूप चिकटवून टाका. लेबल घेताना नव्या पिढीच्या चिपचं घ्या. जुन्या चिपपेक्षा ती बरीच कमी शक्तीत जागी होते आणि किंमत दोन-तीन रुपयांनीच जास्त असते.

२६ जुलै

धुणं. या कामाचा निम्मा वेळ इथेच गेला.

निवासातले कपडे दोन वाटांनी धुतले जातात. रोजचे मशीनमध्ये, खराब झालेले आधी ब्लीचच्या पाण्यात. मशीनमधून आलेले टॅग ठीक होते. ब्लीचमधून आलेलं चांदीचं कापड तपकिरी-काळं झालं, कोपऱ्यांमधला रोध एक ओहमवरून चाळीसवर गेला आणि टॅग मेला. हायपोक्लोराइट चांदीला खातं, त्यावर इलाज नाही. तांबं-निकेलचं कापडही मिळतं, पण ते घामाने गंजतं आणि निकेलने काहींच्या त्वचेला खाज येते. म्हाताऱ्या, पातळ झालेल्या त्वचेजवळ ते मी लावणार नाही.

म्हणजे कापड बंद करणं आलं. रेनकोटच्या शिवणींवर आतून लावतात ती टीपीयूची (उष्णतेने चिकटणाऱ्या लवचिक प्लास्टिकची) पट्टी आठवली. त्याच जातीची पातळ फिल्म मिळाली, दोन्ही बाजूंनी लावली आणि घरच्या इस्त्रीने बेकिंग पेपरमधून चिकटवली. कडेला निदान ८ मिलिमीटर फिल्म-ते-फिल्म सांधा हवा. आधी चार ठेवला होता, तिथून पाणी शिरलं. पाणी आत गेलेला टॅग ओळखायचा तर उंबरठा एकदम पाच-सहा डीबी वर जातो आणि वाळल्यावरही पूर्ण उतरत नाही. पाण्याची परमिटिव्हिटी ऐंशीच्या जवळ आहे, आत थेंब राहिला तरी पॅच बिघडतो.

सोबत फोमऐवजी फेल्टचा नमुनाही केला होता, कारण तो सर्वांत मऊ होता. जुलैतल्या पुण्याच्या हवेत वाळत घातलेला फेल्ट दोन दिवस ओला. तोही बाद.

२ ऑगस्ट

निवासाच्या परिटांकडे कोळशाची इस्त्री आहे. टीपीयूने सील केलेले, ब्लीचमधून सहीसलामत आलेले टॅग इस्त्रीखाली गेले आणि आतला ईव्हीए फोम आक्रसून दीड मिलिमीटर झाला. वारंवारिता गेली, टॅग गेले. परिटांना सांगून उपयोग नाही, असं नाही. त्यांनी उलट आस्थेने विचारलं की खांद्यावर काय आहे आणि कुठे इस्त्री फिरवायची नाही. पण सणासुदीला त्यांचा मुलगा हाताखाली असतो, गठ्ठे येतात, तिथे लक्षात राहण्यावर भिस्त ठेवता येत नाही.

फोम बदलून सिलिकॉनचा स्पंज घेतला. दोनशे अंशांपर्यंत त्याला काही होत नाही, दाबला तरी परत फुगतो. खर्च टॅगमागे नऊ रुपयांवरून चौतीसवर गेला. पॅचची लांबी नव्याने छाटावी लागली : ६५. टीपीयू मऊ पडते म्हणून टॅगच्या वर सुती अस्तराचा एक थर टेलरकाकांनी दिला. आता इस्त्री थेट फिल्मला लागत नाही. शिवताना सुई फक्त कडेच्या ८ मिलिमीटरमधून, तीही बाहेरच्या अर्ध्यातून. काकांनी खडूने रेघ आखून मगच मशीन चालवलं.

९ ऑगस्ट

नातेवाइकांची बैठक. एका काकांच्या मुलाने विचारलं, ‘आमच्या कुत्र्याला मानेत चिप आहे. बाबांना तशीच बसवली तर कपड्यांची कटकटच नको.’ प्रश्न काळजीतून आला होता, म्हणून नीट उत्तर दिलं. ते इथेही लिहितो, कारण हा प्रश्न प्रत्येकाला येणार.

प्राण्यांच्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत, साधारण १२ बाय २ मिलिमीटर. या वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र मांसातून सहज जातं, म्हणूनच ती त्वचेखाली चालते. पण कुपीतली गुंडाळी एवढीशी असते की हातातला वाचक काही सेंटिमीटरवर न्यावा लागतो. फाटकातून चालत जाणारा माणूस तिने कळत नाही. जीपीएस तर तिच्यात नाहीच. माणसांसाठीची अशी चिप, व्हेरिचिप, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाली होती. शरीरात सरकणं, खासगीपण, संमती अशा शंका तिच्याभोवती राहिल्या आणि २०१० मध्ये ती बंद झाली. तांत्रिक बाजू सोडली तरी, ज्यांना आज वार कोणता ते सांगता येत नाही त्यांच्या शरीरात काही घालायला त्यांची संमती कशी घेणार? कपडा काढून ठेवता येतो. तो फरक मला फार मोठा वाटतो.

टॅगमध्येही नाव, पत्ता, आजार काही लिहीत नाही. ९६ बिटांच्या ईपीसीत (टॅगमधल्या ओळख-क्रमांकाच्या जागेत) फक्त क्रमांक. क्रमांक कुणाचा हे निवासातल्या एका संगणकावर, इंटरनेटला न जोडलेल्या. एका माणसाचे सात-आठ कपडे, म्हणून सात-आठ क्रमांक एकाच नावाला बांधलेले. यादीत प्रत्येकाच्या कुटुंबाची लेखी संमती आहे. एका कुटुंबाने नको सांगितलं, त्यांच्या आजींचे कपडे तसेच ठेवले.

१७ ऑगस्ट

फाटक. दोन अँटेना आणि बाहेरच्या हवेत टिकणारा चार पोर्टचा रीडर घ्यावा लागला : अठ्ठावीस हजार. सगळ्या कामातला हाच मोठा खर्च.

शक्तीचा हिशोब करूनच जोडा. ३० डीबीएम म्हणजे एक वॅट, त्यावर नऊ डीबीआयचा अँटेना म्हणजे एकूण ३९, आठ वॅटच्या आसपास. तेवढं वापरायला परवानगीही नाही आणि गरजही नाही. आम्ही रीडर २७ वर ठेवला, केबलमधली घट वेगळी. म्हणजे चार वॅटच्या आत. एका मीटरवर सतत सोडलं तरी चौरस मीटरला ०.३२ वॅट होतात. मोबाइल टॉवरांसाठी आपल्याकडची मर्यादा याच वारंवारितेला ०.४३ च्या जवळ आहे. इथे माणूस दोन-तीन सेकंदच खालून जातो.

तरीही ज्या दोघांना पेसमेकर आहे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारलं. अँटेना अडीच मीटर उंचीवर आहे आणि त्याखाली कुणी बसत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी होकार दिला. वॉचमनकाकांची खुर्ची मात्र तिथून हलवली.

खांद्यापासून अँटेना सव्वा मीटरवर येतो. चाचणीत चालत गेलो, काठी टेकत गेलो, छत्री उघडून गेलो. छत्रीच्या तारांनी वाचन कमी झालं, पण चुकलं नाही. ओले केस खांद्यावर असताना उंबरठा तीन डीबी वर गेला, तेही निभावलं. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस खाली असतो, तिथे वाचन अधूनमधून चुकतं. पण खुर्चीसोबत नेहमी मावशी असतात, म्हणून ते सोडून दिलं.

४ सप्टेंबर

गणपतीत व्हरांड्यात मूर्ती बसली, आणि आरतीला सगळे फाटकापासून चार-पाच मीटरवर उभे. घंटा वाजतच राहिली. फाटक पत्र्याचं आहे. ते उघडं असलं की लाटा त्यावर आपटून व्हरांड्यात जातात आणि आतले टॅग बोलतात. दोन दिवसांत मावशींनी घंटेकडे बघणं सोडलं. खोटी घंटा ही न वाजणाऱ्या घंटेपेक्षा वाईट, कारण तिच्यावरचा विश्वास परत मिळवायला वेळ लागतो. त्यामुळे उत्सव होईपर्यंत बंदच ठेवली आणि एक मावशी फाटकाशी बसल्या.

दुरुस्ती अशी. एक अँटेना फाटकाच्या आत, दुसरा बाहेर दीड मीटरवर, दोन्ही सरळ खाली बघणारे. आधी ते तिरपे होते. टॅग आधी आतल्याने, मग आठ सेकंदांच्या आत बाहेरच्याने वाचला, आणि बाहेरच्याचा सिग्नल वाढत गेला, तरच घंटा. उलट क्रम असेल तर ‘आत आले’ एवढी नोंद. बाहेरच्या अँटेनाची शक्ती २३ वर आणली. त्याला सव्वा मीटरच बघायचं आहे. आरतीच्या जागेवर सगळे टॅग लावून पुन्हा तपासलं तेव्हा एकही खोटी घंटा नाही.

उजव्या खांद्याचा निर्णय याच दिवसांत कसाला लागला. जरीच्या साड्या नेसलेल्या आजी फाटकातून देवळात गेल्या, सोबत मावशी होत्या. सगळ्यांच्या नोंदी संगणकावर आल्या.

१४ सप्टेंबर

सिस्टरनी विचारलं, रात्री डायपर ओला झाला की कळेल का? झोपलेल्या माणसाला दर दोन तासांनी उठवून बघावं लागतं, ते कुणालाच आवडत नाही.

साधं लेबल डायपरच्या बाहेरून चिकटवलं. ओला झाला की पाण्याने लेबल बिघडतं आणि वाचन थांबतं. पण कुशीवर वळलं तरी वाचन थांबतं. गप्प बसणं ही खूण म्हणून कच्ची आहे. दोन लेबलं लावून पाहिली, एक ओल्या होणाऱ्या भागावर, एक कमरेच्या पट्टीवर. वरचं बोलतंय आणि खालचं नाही, तर ओला. हातातला रीडर पांघरुणावरून फिरवला तर अर्ध्या मीटरवर बरं चाललं, पण पोटावर झोपणाऱ्यांत नाही.

एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये उलटी वाट घेतली होती : डायपरमधलं हायड्रोजेल ओलं झाल्यावर थोडं वाहक होतं, त्यालाच अँटेनाचा भाग करायचा. म्हणजे कोरडा गप्प आणि ओला बोलतो, मीटरभरापर्यंत. ही रचना जास्त पक्की आहे, कारण बोलणं चुकून होत नाही. मॅग्नससारख्या चिपही आहेत. त्या अँटेनाची जुळणी स्वतः बदलतात आणि किती बदलली त्याचा आकडा पाठवतात, त्यावरून ओल कळते. पुढची फेरी यावरच करायची आहे. डायपरचं काम फाटकाच्या कामात मिसळलं नाही. त्याची नोंद वेगळी ठेवतो आहे.

२१ सप्टेंबर

सध्याचा खर्च, एका टॅगचा : चांदीचं कापड २२ रुपये, लेबल १२, सिलिकॉन स्पंज ३४, फिल्म ९, अस्तर आणि शिलाई २५. एकूण १०२ रुपये. टेलरकाकांनी शिलाई कमीच लावली आहे, दुसरीकडे पन्नास धरा. एका माणसाचे आठ कपडे म्हणजे आठशेच्या पुढे. हातात बसल्यावर एक टॅग कापण्यापासून शिवण्यापर्यंत पाऊण तासात होतो. त्यातला अर्धा वेळ फिल्म चिकटवण्यात जातो, आणि तिथे घाई केली की कडा उघडतात.

कपडे धुऊन आले की मावशी कपाटात लावण्याआधी प्रत्येक खांद्यावरून हातातला रीडर फिरवतात. रीडर १८ डीबीएमवर ठेवलेला असतो. फाटकाला लागते त्यापेक्षा ही शक्ती बरीच कमी, म्हणजे बिघडलेला टॅग इथेच पकडला जाण्याची शक्यता वाढते. जो गप्प राहतो तो कपडा निळ्या टोपलीत. आठवड्याला एखाद-दुसरा असा निघतो. आतापर्यंत उघडून पाहिलेल्यांपैकी बहुतेकांत फिल्मच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं होतं, म्हणून पुढच्या खेपेपासून कोपरे गोल कापतो आहोत.